नव्वदच्या आत यायचंय? आधी दहा कार्डं काढा

नाशिकमध्ये कोणी ‘गोल्फ क्लबवर जातो’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जॉगिंग ट्रॅक आणि रणजीचे सामने येतात. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचं हे जुनं नाव लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे, पण तिथे चेंडू दिसतो तो क्रिकेटचा. गोल्फ खेळणारी माणसं शहरात मोजकीच. त्यामुळे इथला हौशी खेळाडू बरंचसं टीव्ही आणि मोबाइल बघूनच शिकतो. बघतो व्यावसायिकांचा खेळ आणि स्वतःचं ध्येयही नकळत त्यांच्याच मापाने ठरवतो. मग चौथ्या होलवर आठ फटके लागले की राउंड मनातून संपलेला असतो, पायांनी उरलेले चौदा होल पुरे करायचे एवढंच.

स्कोअरचं ध्येय ठरवण्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आपल्या सर्वोत्तम दिवसापासून मोजायला सुरुवात करणं. एकदा अठरा होलला ९२ फटके लागले होते, म्हणून पुढचं ध्येय ९०च्या आत. पण त्या ९२ मध्ये पंचवीस फुटांवरून पडलेले दोन पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर, पटरने मारलेले फटके) असतात, झाडाला लागून फेअरवेत, म्हणजे खेळायच्या कापलेल्या पट्ट्यात, परत आलेला एक बॉल असतो, आणि एकही बॉल हरवलेला नसतो. असा दिवस पुन्हा येतो, पण मागवून येत नाही. ध्येय बांधायचं ते रोजच्या दिवसावर.

त्यासाठी शेवटची दहा कार्डं काढा. अठरा होलची, पूर्ण खेळलेली, खरी कार्डं. खरी म्हणजे पहिल्या टीवरचा (होल सुरू करायच्या जागेवरचा) मलिगन, म्हणजे पहिला फटका न मोजता मारलेला दुसरा, नाही, ‘हा धर की’ म्हणून उचललेला चार फुटांचा बॉल नाही, आणि बॉल आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेल्यावर दंड धरलेला आहे. चार फुटांवर एवढा आग्रह का? पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. जगातल्या सर्वांत उत्तम हातांचं आठ फुटांवर हे प्रमाण असेल, तर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याचा चार फुटांचा पट ‘पडलाच असता’ असं समजणं म्हणजे कार्डावर खोटं लिहिणं. एका राउंडमध्ये असे पाच-सहा बॉल उचलले की दोन-तीन फटके सहज लपतात, आणि स्पर्धेत उतरल्यावर ते वसूल होतात. अशी कार्डं असतील तर ती बाजूला ठेवा आणि पुढचे दहा राउंड नीट लिहून घ्या. उशीर झाला तरी चालेल, पाया खरा हवा.

समजा कार्डं अशी आहेत: ९४, ९७, ९९, १०१, ९६, १०३, ९८, ९२, १०५, १००. सगळ्यात चांगलं ९२ आणि सगळ्यात वाईट १०५ काढून टाका. उरलेल्या आठांची बेरीज ७८८, सरासरी ९८.५. हा खेळाडू ९२चा नाही आणि १०५चाही नाही, तो अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचा आहे. त्याचं पुढच्या चार महिन्यांचं ध्येय माझ्या मते ९५ ची सरासरी. ९० मुळीच नाही. सरासरी साडेतीन फटक्यांनी खाली आली तर अधूनमधून ८९ आपोआप दिसेल, पण तो प्रसाद समजायचा.

आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की वेलीवर घड किती ठेवायचे हे तो काडीची जाडी आणि पानांची संख्या बघून ठरवतो. शेजारच्या बागेतला विक्रमी माल बघून घड ठेवले तर मणी फुगत नाहीत, साखर भरत नाही आणि पुढच्या वर्षीची काडीही कमजोर होते. विरळणी करताना जीव तुटतो, पण हात थांबत नाही. गोल्फमध्येही ध्येयाची अशी विरळणी करावी लागते.

हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे

पार म्हणजे कुशल खेळाडूला लागावेत असे फटके, आणि हँडिकॅप म्हणजे त्यावर तुम्हाला मिळणारी फटक्यांची सूट. क्लबात हँडिकॅप असलेले खेळाडू इथे हमखास गोंधळतात. ‘माझा हँडिकॅप २२, म्हणजे पार ७२ च्या कोर्सवर मला ९४ लागायला हवेत, आणि लागतात ९८. मी बिघडलो.’ बिघडलं काही नसतं. २०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये तुमच्या शेवटच्या २० राउंडांपैकी सर्वांत चांगले ८ घेऊन त्यांची सरासरी काढतात. उरलेले १२ राउंड त्यात धरलेच जात नाहीत. म्हणजे हँडिकॅप सांगतो तो तुमचा चांगला दिवस. हँडिकॅपइतका किंवा त्याहून चांगला खेळ चार-पाच राउंडांत एखाद्याच वेळी होतो, आणि बाकीच्या दिवशी तीन-चार फटके जास्त लागणं हा नियमच आहे. त्याचं मनाला लावून घेऊन दर रविवारी ग्रिप बदलणारे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात.

हिशेब एकदा हाताने करून बघावा, म्हणजे कोर्स अवघड की सोपा याचाही अंदाज येतो. प्रत्येक कोर्सच्या प्रत्येक टीला दोन आकडे दिलेले असतात: कोर्स रेटिंग, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला लागावेत असे फटके, आणि स्लोप, म्हणजे त्याच्या तुलनेत साधारण खेळाडूला कोर्स किती अवघड जातो ते. स्लोप ५५ ते १५५ च्या मध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण मानलेला आकडा आहे. समजा रेटिंग ७०.५, स्लोप १२१ आणि तुम्हाला ९६ लागले. ९६ मधून ७०.५ वजा केले, २५.५ उरले. त्याला ११३ ने गुणून १२१ ने भागलं की २३.८. हा त्या राउंडचा डिफरन्शियल. असे वीस जमले की त्यातले सर्वांत कमी आठ घ्यायचे. सुरुवातीला वीस राउंड नसले तरी अडत नाही. ५४ होल भरतील एवढी कार्डं दिली की इंडेक्स, म्हणजे अजून कोणत्याही एका कोर्सला न जुळवलेला हँडिकॅप, मिळतो; तीनच राउंड असतील तर त्यातला सर्वांत कमी डिफरन्शियल घेऊन त्यातून आणखी २ वजा करतात. म्हणूनच नव्या खेळाडूचा पहिला हँडिकॅप बहुतेक वेळा जरा कडक निघतो आणि पुढचे काही महिने तो वर चढताना दिसतो. घाबरू नका.

आता हाच हँडिकॅप ध्येयासाठी वापरायचा. इंडेक्स २२.० असेल तर वरच्याच कोर्सवर २२ गुणिले १२१ भागिले ११३, म्हणजे २३.५६. त्यात रेटिंग आणि पारमधला फरक, म्हणजे ७०.५ वजा ७२, उणे १.५ मिळवा. उत्तर २२. या बावीस फटक्यांचं वाटप कार्डावरच छापलेलं असतं: प्रत्येक होलला एक, आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रमांक, १ सगळ्यात अवघड) १ ते ४ असलेल्या होलना आणखी एक. राउंडच्या आधी पेन्सिलीने प्रत्येक होलपुढे ‘माझा पार’ लिहून काढा. सगळ्यात अवघड चार होलवर पार अधिक दोन, उरलेल्या चौदा होलवर पार अधिक एक. बेरीज ९४. स्ट्रोक इंडेक्स १ चा पार-४ होल तुमच्यासाठी सहाचा आहे, हे डोळ्यांसमोर लिहिलेलं असलं की तिथे दुसऱ्या फटक्याला थ्री-वूडसारखा लांब फटक्याचा क्लब उपसायची ओढ बरीच कमी होते. इतकी साधी गोष्ट, पण करताना फार थोडे लोक दिसतात.

एक शंभरचं कार्ड, जवळून

आता सरासरी खाली आणायची ती नेमकी कुठून? पार ७२ वरचं १०० चं एक नमुन्याचं कार्ड घेऊ. दोन पार, आठ बोगी (पारहून एक जास्त), पाच डबल (दोन जास्त), दोन ट्रिपल (तीन जास्त) आणि एका पार-४ वर आठ. मोजून बघा: आठ, दहा, सहा आणि चार, असे २८ वर. यातल्या शेवटच्या तीन होलनी मिळून दहा फटके खाल्ले. उरलेल्या पंधरा होलवर हा खेळाडू अठरा वर आहे, म्हणजे बऱ्यापैकी खेळला आहे. ते तीन होल फक्त डबलवर थांबले असते तर स्कोअर ९६. एकही जास्तीचा पार न करता.

तो आठचा होल कसा झाला, हे फटक्याफटक्याने बघण्यासारखं आहे. ३८० यार्डांचा पार-४, उजवीकडे कुंपण. ड्रायव्हर काढला, बॉल स्लाइस होऊन कुंपणाबाहेर. एक फटका आणि एक दंड. पुन्हा टीवरून तिसरा, हात आवळलेले, बॉल या वेळी डावीकडे झाडांत. चौथा फटका दोन खोडांमधल्या हातभर फटीतून ग्रीनकडे, बॉल खोडावर आपटून तिथेच. पाचवा आडवा बाहेर. सहावा ग्रीनवर. पटरचे दोन फटके. आठ.

घरी येताना खेळाडू म्हणतो, ‘ड्रायव्हरने घात केला.’ अर्धंच खरं. ड्रायव्हरने दोन घालवले, तिसरा घालवला तो फटीतून मारायच्या हट्टाने. चौथाच फटका आडवा बाहेर काढला असता तर पाचव्यात ग्रीन आणि सात. आणि टीवर ड्रायव्हरऐवजी आखूड, सांभाळायला सोपा हायब्रिड काढला असता तर? १७० यार्डांचा हायब्रिड, १३० यार्डांचा आयर्न, ८० यार्डांचा वेज. बेरीज ३८०. तीन फटक्यांत ग्रीन, पटरचे दोन, पाच. यातला एकही फटका असा नाही जो शंभर लागणाऱ्या खेळाडूकडे नाही. अठराही होल बोगी केले तर ९० होतात आणि बोगीला लांब फटका लागतच नाही, ही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही.

म्हणून कार्डावर आकड्याबरोबर चार खुणा करत चला. दंडाचा फटका बसला की ‘दं’. ग्रीनवर पटरचे तीन किंवा जास्त फटके लागले की ‘३’. ग्रीनपासून तीस यार्डांच्या आत आल्यावर होल संपायला तीनपेक्षा जास्त फटके लागले की ‘चि’, चिपचा, म्हणजे ग्रीनजवळच्या आखूड फटक्याचा. आणि टॉप झालेला (बॉलच्या वरच्या अंगाला लागून घरंगळलेला), जमिनीत रुतलेला, ठरवलेल्या अंतराच्या निम्माही न गेलेला फटका असेल तर ‘मि’, मिसहिटचा. प्रत्येक होलनंतर ग्रीनवरून उतरताना पाच सेकंदांचं काम. राउंड संपल्यावर आठवून लिहायला गेलात तर चुकीचं लिहाल, कारण माणसाला वाईट ड्राइव्ह आठवतो आणि सातव्या होलवरचा थ्री-पट विसरतो.

वरच्या शंभरच्या कार्डावर समजा दं ४, ३ पाच, चि ४ आणि मि ६ निघाले. आता ध्येय स्कोअरचं ठरवू नका, या खुणांचं ठरवा. दं चारावरून दोन, ३ पाचावरून तीन. बाकीचे आकडे आहेत तसेच राहू देत. इथेच चार फटके वाचले, आणि दंडातले काही आउट ऑफ बाउंड्सचे असतील तर त्याहून जास्त, कारण तिथे दंडाबरोबर अंतरही जातं. सरासरी ९८.५ वरून ९५ वर आणायला साडेतीनच फटके हवे होते. ते मिळवण्यासाठी स्विंग बदलायची गरज पडली नाही. चारही खुणा एकदम कमी करायला मात्र जाऊ नये. मन एका राउंडमध्ये दोन गोष्टी सांभाळू शकतं, चार नाही.

मिसहिटला पहिल्या हंगामात हात लावू नये असं मी मुद्दाम म्हणतो. तो कमी होतो हळूहळू, प्रशिक्षकाकडे जाऊन, हजारो बॉल मारून. दंड आणि थ्री-पट निर्णयाने आणि थोड्या सरावाने कमी होतात. आधी ते घ्यावं.

दंड कमी करायला नियम नीट माहीत असणंही उपयोगी पडतं. बॉल झुडपात आहे आणि खेळता येत नाही, तर अनप्लेएबल घोषित करून एका दंडात तीन पर्याय मिळतात: पूर्वीच्या जागी परत, होलच्या सरळ रेषेत मागे, किंवा बॉलपासून दोन क्लब-लांबीच्या आत बाजूला, होलच्या जवळ न जाता. लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात (पाणी, नाला वगैरे) गेला तर जिथून बॉल आत गेला त्या जागेपासून दोन क्लब-लांबीचा पर्याय असतो. बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वीसारखी पाच नाहीत. त्यामुळे शंका असली की टीवरूनच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा तात्पुरता, बॉल खेळा, आणि ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द उच्चारून खेळा. न उच्चारता मारलात तर तोच बॉल खेळात धरला जातो आणि पहिला सापडला तरी कामाचा नाही. काही कोर्सवर आउट ऑफ बाउंड्ससाठी दोन दंडात फेअरवेच्या कडेला ड्रॉप करायचा (हातातून बॉल खाली सोडायचा) स्थानिक नियम लावलेला असतो; नोटीस बोर्डावर बघून घ्या, मैत्रीच्या राउंडमध्ये वेळही वाचतो.

टी कोणती निवडता यावर अर्धं ध्येय अवलंबून आहे, आणि इथे आपल्याकडे मानापमानाचा प्रश्न होतो. मागच्या टीवरून खेळणं म्हणजे मर्दानी, पुढच्या टीवरून म्हणजे कमीपणा, हा समज काढून टाकावा. सोपा हिशेब असा की पाच नंबरच्या आयर्नने बॉल जितका जातो त्याला ३६ ने गुणा. १५० यार्ड जात असेल तर ५४०० यार्डांची टी तुमची. ड्रायव्हर २०० यार्ड जाणाऱ्याने ५२०० ते ५४०० यार्डांवर खेळावं, अशी शिफारस अमेरिकेतल्या ‘टी इट फॉरवर्ड’ उपक्रमातही आहे. असा खेळाडू ६४०० वरून खेळला तर त्याला बहुतेक पार-४ वर दुसऱ्या फटक्याला वूड घ्यावा लागतो, आणि मग वरचं १७०-१३०-८० चं गणितच कोलमडतं. ध्येय चुकलं नव्हतं, टी चुकली होती.

नव्वद मोडलं की पुढचं काय? ल्युशियस रिचिओ या अमेरिकी अभ्यासकाचं एक सूत्र हौशी खेळाडूंना फार कामाचं आहे: ९५ मधून नियमित फटक्यांत गाठलेल्या ग्रीनच्या संख्येची दुप्पट वजा करा. नियमित म्हणजे पार-३ वर पहिल्या, पार-४ वर दुसऱ्या आणि पार-५ वर तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर बॉल. तीन ग्रीन गाठले तर ८९, सात गाठले तर ८१, आठ गाठले तर ७९. हे अंदाजाचं सूत्र आहे, पण त्यातून दिसतं की शंभरातून नव्वदीत येणं आणि नव्वदीतून ऐंशीत येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम चुका टाळून होतं. दुसऱ्यासाठी दर राउंडला चार-पाच जादा ग्रीन लागतात, आणि ते आयर्नच्या अचूकतेशिवाय येत नाहीत. म्हणून ९८ चा खेळाडू एका हंगामात चार फटके उतरला म्हणून ८६ च्या खेळाडूनेही चार उतरावेत अशी अपेक्षा ठेवू नये. त्याने दीड-दोन उतरवले तरी खूप झालं.

सराव ध्येयाशी बांधलेला हवा. थ्री-पट पाचावरून तीनावर आणायचे असतील तर सहा फुटांचे पट घोटण्यात फारसा फायदा नाही, कारण थ्री-पटचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या लांब पटच्या वेगात असतं, दिशेत नाही. ग्रीनवर दहा पावलं मोजा, साधारण तीस फूट. दहा बॉल मारा. होलभोवती एका पटरच्या लांबीच्या, म्हणजे तीन फुटांच्या, आत किती थांबले ते मोजा. सुरुवातीला चार-पाच थांबतील. सलग तीन दिवस सात थांबले की पंधरा पावलांवर जा. बॉलकडे न बघता होलकडे बघत दोन सराव-झोके घ्यायचे आणि मग लगेच मारायचं. उभं राहून विचार केला की हाताला आलेला अंदाज निघून जातो.

घरी फरशीवर पातळ गालिचा अंथरून स्टीलचा पेला आडवा ठेवला की तीन फुटांचा सराव होतो. फुल स्विंगचा सराव मात्र सार्वजनिक मैदानावर नको, मग ते गोल्फ क्लबचं मैदान का असेना. चालणारी, धावणारी माणसं आणि मुलं तिथे असतात, आणि गोल्फचा बॉल दगडासारखा लागतो. गच्चीवर जाड जाळी नीट ताणून बांधता येत असेल तर ती बरी. जाळीच्या मागे भिंत असेल तर तीन-चार फुटांचं अंतर ठेवा, नाहीतर बॉल उलटून अंगावर येतो.

बंकरमध्ये पहिलं ध्येय एकच: एका फटक्यात बाहेर. होलच्या जवळ नाही, नुसतं बाहेर. सँड वेजचा चेहरा थोडा उघडा, बॉलच्या दोन इंच मागे वाळूत, आणि हात शेवटपर्यंत पुढे. बॉल आतच राहतो त्याचं कारण नव्वद टक्के एकच असतं: वाळू लागताच हात थांबतो.

नाशिकचं हवामान हिशेबात धरा

ध्येय बारा महिन्यांसाठी एकच ठेवणं इथे चालत नाही. आपण समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंचीवर आहोत, हवा थोडी विरळ, त्यामुळे मुंबईपेक्षा बॉल साधारण दोन टक्के जास्त जातो. दीडशे यार्डांवर तीन यार्ड. फरक लहान आहे, पण मुंबईच्या कोर्सवर जाऊन ‘माझा सात नंबर आखूड पडतोय’ म्हणणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

जून ते सप्टेंबर स्कोअरचं ध्येय बाजूला ठेवलेलं बरं. काळ्या मातीत बॉल जिथे पडतो तिथेच रुततो, रोल मिळत नाही, ड्राइव्ह पंधरा-वीस यार्ड आखूड होतो आणि पार-४ वर दर वेळी एक क्लब जास्त, म्हणजे एक नंबर लांब जाणारा, लागतो. सरासरी तीन-चार फटके वर गेली तर ती तुमची घसरण नव्हे. या दिवसांत फक्त खुणांचं ध्येय ठेवा, विशेषतः ‘चि’चं. नियमांचा फायदा घ्या: पेनल्टी एरिया आणि बंकर सोडून इतरत्र बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंडाशिवाय उचलून, पुसून ड्रॉप करता येतो, साचलेल्या पाण्यातूनही मोफत सुटका आहे. क्लबने ‘प्रेफर्ड लाइज’चा स्थानिक नियम लावला असेल तर फेअरवेतला चिखल लागलेला बॉल पुसता येतो. वीज चमकली की मात्र कोणताही हिशेब न करता आत या.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. ध्येय याच महिन्यांचं धरा. फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहून खाली, तेव्हा पहिले पाच-सहा होल एक क्लब जादा घ्यावा लागतो. थंड बॉल कमी उडतो आणि दोन स्वेटर घातलेला खांदा पूर्ण वळत नाही. दव असेपर्यंत ग्रीन संथ असतात आणि नऊ-साडेनऊनंतर तेच ग्रीन वेगळे वाटू लागतात. पहिल्या नऊ होलचा वेग दुसऱ्या नऊला वापरला की होलच्या पुढे चार-पाच फूट बॉल जातो, आणि ‘३’ची खूण वाढते. दहाव्या होलच्या आधी सराव-ग्रीनवर चार बॉल मारून घेता आले तर घ्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. साडेसहाच्या आत टी-ऑफ, सोबत दोन लिटर पाणी, त्यातलं निम्मं मीठ-साखर-लिंबाचं, तहान लागायच्या आधीपासून दर दोन होलला चार घोट. नवव्या होलनंतर केळं किंवा गूळ-शेंगदाणे. तर्रीची मिसळ राउंड संपल्यावर. उन्हाळ्यातली कार्डं बघितलीत तर शेवटच्या चार होलवर डबल आणि ट्रिपल गोळा झालेले दिसतील. ते बहुतेक पाण्याचे आणि थकव्याचे असतात, तंत्राचे नसतात.

फेब्रुवारीअखेर पुन्हा दहा कार्डं काढा, दोन टोकं वगळा, सरासरी काढा. ९५ किंवा खाली आली तर पुढच्या हंगामाला ‘चि’ आणि ‘मि’ घ्या, आणि ‘दं’ व ‘३’ आहेत तिथेच राहतात ना, यावर नजर ठेवा. सरासरी ९६.५ वर अडली पण ‘दं’ खरंच दोनावर आले असतील, तर ध्येय तेच ठेवून आणखी एक हंगाम द्या, कारण खुणा आधी हलतात आणि स्कोअर मागून येतो. आणि सरासरी जागची हललीच नसेल, खुणाही तेवढ्याच असतील, तर कार्डावर बघा की त्या चारांतले किती दंड एकाच क्लबने दिलेले आहेत. तो क्लब सहा राउंड घरी ठेवा.